आईचा मेडिक्लेम आणि किसुमूची शाळा

प्रश्न: मी २८ वर्षांची, पुण्यात आयटी कंपनीत टेस्टर आहे. नोकरीला साडेचार वर्षं होतील. जूनमध्ये राजीनामा देऊन केनियातल्या किसुमूला तीन महिने एका शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचंय. संस्थेची फी ७० हजार, विमानभाडं ६० हजार, वरखर्च ४० हजार. व्हिसा, लस वगैरेला ५ हजार धरलेत. एफडी २ लाखांची, खात्यात ६० हजार. एफडी मोडू की दीड लाखाचं पर्सनल लोन घेऊ? विम्याची चिंता नाही. वर्षाला ३६ हजारांची पॉलिसी आहे, पुढच्या महिन्यात चौथा हप्ता. एजंट म्हणाले, जगभर चालते. आई (मधुमेह) आणि बाबा ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आहेत.

उत्तर: एफडी मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात दीड-दोन हजारांचा फटका बसेल. १४ टक्क्यांचं लोन दोन वर्षांत फेडायला महिना ७,२०० रुपये लागतील, व्याज जाईल २३ हजार, आणि हप्ता सुरू होईल नेमका पगार थांबल्यावर. तुमचा प्रश्न इथेच संपला.

आता पत्रातली शेवटची तीन वाक्यं. ‘जगभर चालते’ हे खरं आहे, फक्त कशासाठी ते एजंटने सांगितलं नाही. तुमची पॉलिसी आयुर्विम्याची दिसते. तुमचं बरंवाईट झालं तर घरच्यांना पैसे मिळतील. किसुमूत मलेरियाने आडव्या झालात तर रुग्णालयाचं बिल तुम्हीच भरायचं. बचत-अधिक-विमा म्हणून विकलेल्या या पॉलिसीत ना पुरेसं कव्हर असतं, ना धड परतावा. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली (म्हणजे बंद करून पैसे परत घेतले) तर किती मिळतील आणि पेड-अप केली (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती उरेल. ते हातात येईपर्यंत चौथा हप्ता भरायची घाई नको.

पण खरा घोळ आईबाबांचा आहे. ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. राजीनामा तुम्ही द्याल आणि उघडं पडतील ते दोघं. नवीन पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी, म्हणजे आईच्या मधुमेहासाठी, तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि त्यात आतापर्यंतची वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात, पण अर्ज कव्हर चालू असतानाच करायचा. निरोप समारंभाचा केक कापून झाल्यावर एचआरला फोन करून काही होत नाही. दोघांचा हप्ता वर्षाला ४०-५० हजार धरा.

म्हणून आधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. त्या काळात मेडिक्लेम चालू राहील का, हे ईमेलवर लिहून घ्या. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. बेसिक २० हजार असेल तर ५७-५८ हजार होतात, आणि साडेचार वर्षांवर तुम्ही ते सोडून निघालाय.

आता ते ५ हजार. केनियाला भारतीयांना ईटीए (निघण्याआधी ऑनलाइन काढायची प्रवेशाची परवानगी) लागतं, त्याचे तीनेक हजार इथेच गेले. आणि ईटीए पर्यटनाचं असेल तर त्यावर शिकवता येत नाही, पगार नसला तरी. कोणता परवाना कोण काढणार, त्याचे पैसे फीमध्ये आहेत का, हे संस्थेकडून लेखी घ्या. ‘टुरिस्ट म्हणूनच या, कोणी विचारत नाही’ असं उत्तर आलं तर ७० हजार पाठवू नका. शाळेसाठी पोलीस क्लिअरन्स मागतील, ते पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतं. त्यासाठी एजंट कशाला?

यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. तिचं कार्ड केनियापेक्षा मुंबई विमानतळावर परतताना जास्त महत्त्वाचं. केनिया आपल्या यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत असल्याने कार्डाशिवाय आलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य आणि मग जन्मभर चालतं. बऱ्याच केंद्रांवर लस ठरावीक वारीच देतात, त्यामुळे महिनाभर आधी नंबर लावा. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए मिळून पाच-सहा हजार. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे आणि तिथे मलेरिया भरपूर, तेव्हा प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. बहुतेक गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात. तीन महिन्यांचा प्रवासी विमा सहा-आठ हजारांत येईल, त्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय ना तेवढं पाहा. कागदपत्रं आणि औषधपाणी मिळून २५ हजार धरा.

एकूण जवळपास २ लाख. उरले ६० हजार. त्यातून आईबाबांचा हप्ता गेला की १०-२० हजार, आणि पॉलिसीचाही भरला तर खातं उणे. परतल्यावर ‘महिन्याभरात नोकरी मिळेलच’ असं तुम्ही मनात धरलेलं दिसतंय. मी सहा महिने धरतो. रजा मिळाली तर जूनमध्ये जा. नाही मिळाली तर महिना २० हजार बाजूला टाकत पाच वर्षं पूर्ण करा, मेडिक्लेम बदलून घ्या आणि डिसेंबर-जानेवारीत निघा. केनियातल्या शाळांचं वर्ष जानेवारीतच सुरू होतं.