धुळीचा अंदाज : वाचकांच्या शंका

आखातातून, राजस्थानातून आणि मुंबईहूनही धुळीच्या वादळांबद्दल त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न (मुंबई) : वाळवंटातली वाळू मुंबईपर्यंत येते का?

वाळू नाही, धूळ येते. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईवर पसरलेली धूळ कराचीच्या बाजूने आली होती.

प्रश्न (कुवेत) : नकाशावर सगळं लाल, बाहेर मात्र हवा स्वच्छ. अंदाज खोटा का?

तुम्ही बहुधा जमिनीपासून वरपर्यंतच्या एकूण धुळीचा नकाशा पाहताय. धूळ डोक्यावरून दोन-तीन किलोमीटर उंचीने जात असेल तरी तो लालच दिसतो. ‘पृष्ठभागाजवळची धूळ’ हा नकाशा उघडा.

प्रश्न (जैसलमेर, सौर प्रकल्प) : एक कंपनी दहा दिवस आधी तासागणिक अचूक अंदाज देते म्हणते. करार करावा का?

इतक्यात सही करू नका. वारा दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी कळतो. जमीन कळत नाही, आणि घोडं तिथेच अडतं. अगदी बारीक धूळ एकमेकींना चिकटून बसलेली असते. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की आधी वाळूचे कण उड्या मारू लागतात, आणि ते आपटले की धूळ सुटते. उडत्या वाळूचं प्रमाण वेगाच्या साधारण घनाने वाढतं, हे वाळवंटातल्या वाळूचा अभ्यास करणारे ब्रिटिश अभियंते राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९४१ सालीच मांडलंय. म्हणजे वेग २० टक्के कमी धरला गेला, तर प्रत्यक्षात वाळू हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट उडते! त्यात एक सर पडून जमिनीवर पापुद्रा धरला, तर तोच वारा काहीच उडवत नाही. त्या पापुद्र्यावरून तुमचेच टँकर गेले की पुन्हा धुरळा. या चाकोऱ्या कंपनीच्या नकाशात आहेत का? शिवाय मे-जूनमधली आंधी पुष्कळदा गडगडाटी ढगातून कोसळणाऱ्या थंड हवेने उठते. दहा-वीस किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करणाऱ्या मॉडेलला ती बहुतेकदा दिसतच नाही. गेल्या वर्षीचे अंदाज आणि जागेवरची मोजणी शेजारी शेजारी मांडून मागा. कुणाच्या ऐकीव कौतुकावर जाऊ नका. आधी जोधपूरच्या ‘काझरी’तल्या (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतल्या) तज्ज्ञांना जागा दाखवा.

प्रश्न (दुबई) : मुलाला दमा आहे. वादळात ओला रुमाल पुरेल ना?

नाही. बारीक कण त्यातून आत जातात. खिडक्या बंद ठेवा, मुलाला घरातच ठेवा. मास्क कोणता, पंप कधी आणि किती, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारून लिहून घ्या. शमाल, म्हणजे आखातातला वायव्येचा धुळीचा वारा, सुटल्यावर फोन लावत बसू नका.