वयाच्या ३९व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, आता इतक्या उशिरा कळून काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की अर्धं आयुष्य तर गेलं, आता गोळ्या घेऊन काय मिळणार. मला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावीळपणा यांचा लहानपणापासूनचा त्रास) आहे हे चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही मुलामुळे. डॉक्टर त्याची लक्षणं विचारत होते आणि मला माझीच शाळा आठवत होती. एडीएचडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, त्यामुळे मुलाच्या निमित्ताने आईचं किंवा वडिलांचं निदान होणं नवीन नाही.

उपयोग आहे, आणि मोठा आहे. पण निदान नीट झालंय ना, ते आधी बघा. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे दिसत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून माझ्या डॉक्टरांनी जुनी प्रगतिपुस्तकं मागितली. आईने ती ट्रंकेत जपून ठेवली होती. दर सहामाहीला तोच शेरा: ‘हुशार आहे, वर्गात लक्ष नसते.’ दंगा करणारा मुलगा बाईंच्या लगेच नजरेत भरतो. खिडकीपाशी गप्प बसलेल्या मुलीकडे कोण बघतं? थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य यांतही लक्ष लागत नाही. तुमचं हे तपासलं नसेल तर आधी तपासून घ्या.

एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो. तो दोनदा वर-खाली बघेल, त्याचं मनाला लावून घेऊ नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ॲटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय, पण त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. औषध लागू पडल्यावर मी एका संध्याकाळी विजेचं बिल हातात घेतलं आणि भरूनच खाली ठेवलं. यात काय विशेष, असं किमान तुम्ही तरी म्हणणार नाही.

सुरुवातीला रडू मात्र खूप आलं. दहावीतच कळलं असतं तर, हा विचार पाठ सोडत नाही. तो येऊ द्या, आणि समुपदेशकाशी बोला. नुसत्या गोळीने ते दुःख जात नाही. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही.” त्यांच्याशी मी वाद घातला नाही. नवऱ्याला मात्र पुढच्या भेटीला सोबत नेलं, आणि वीस वर्षं ज्याला तो बेफिकिरी म्हणत आला, त्याबद्दल त्याने डॉक्टरांना स्वतःहून प्रश्न विचारले. तुमच्याही घरातलं कोणी येत असेल तर जरूर न्या.