मिरचीचा रंग आणि तिखट वेगळं काढायचं असेल तर

संकेश्वरच्या सदस्यांचे दोन प्रश्न आहेत. हेक्झेन या द्रावकाने काढलेल्या ओलिओरेझिनमध्ये, म्हणजे मिरचीच्या दाट अर्कात, रंग आणि तिखट एकत्रच उतरतं, ते सुपरक्रिटिकल सीओटूने (खूप दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने) वेगळं निघेल का? आणि त्याच मशीनवर हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, काढता येईल का?

मिरचीचं बऱ्यापैकी जमतं. सीओटूचा क्रिटिकल बिंदू ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). त्याच्या वर तो वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. एवढं तापमान आपल्या बेळगाव भागात एप्रिलच्या दुपारी सहज असतं, खरा खेळ प्रेशरचा. ४० अंशांवर १०० बारला सीओटूची घनता लिटरला साधारण ६३० ग्रॅम भरते, ३०० बारला ९१०. घनता वाढेल तशी विरघळवण्याची ताकद वाढते. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी ती हवी तिथे लावता येते; हेक्झेनमध्ये ती सोय नाही.

तिखट देणाऱ्या कॅप्सेसिनचा रेणुभार ३०५. लाल रंगाच्या कॅप्सँथिनचा ५८५, शिवाय मिरचीत तो बराचसा फॅटी ॲसिडला जोडलेला, म्हणजे आणखी जड. म्हणून मध्यम प्रेशरला तिखट आणि थोडा पिवळा रंग आधी निघतो, लाल मागे राहतो. मग प्रेशर ४०० बारच्या आसपास न्यायचं किंवा जोडीला थोडं एथनॉल द्यायचं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते: सगळं एकदम काढा आणि दोन सेपरेटरमध्ये (अर्क खाली बसवणाऱ्या टाक्यांमध्ये) टप्प्याटप्प्याने प्रेशर उतरवा. जड लाल भाग पहिल्यात बसतो, तिखट दुसऱ्यात. रेघ मारल्यासारखी विभागणी मात्र होणार नाही.

'गरम केलं की जास्त विरघळतं' हा हिशेब इथे सरसकट चालत नाही. कमी प्रेशरला तापवलं तर घनता घसरते आणि माल कमी येतो. वरच्या प्रेशरला मात्र तापवल्याचा फायदा होतो.

हळदीचं उत्तर नाही असंच आहे. सुगंधी टर्मेरोन छान निघतं, कर्क्युमिन जवळजवळ सगळं चोथ्यात राहतं. त्यासाठी हे मशीन घेऊ नका.

मिरची नीट वाळलेली हवी. फार बारीक दळली तर भुकटी दाबली जाते आणि गॅस एकाच वाटेने निसटतो. बियांचं तेलही सोबत येतं, म्हणून बी आधी काढा. ब्याडगी आणि संकेश्वरी यांची चाचणी वेगवेगळी घ्या, प्रत्येक टप्प्याच्या मालाचा रंग आणि तिखट प्रयोगशाळेत मोजून घ्या आणि मगच व्हेसलच्या, म्हणजे मिरची भरायच्या दाबटाकीच्या, किमतीची चौकशी करा. शेडला खाली झरोके ठेवायलाच हवेत. सीओटू हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो.