वॉर्डात पेशंटचं असेसमेंट नेमकं कुठून सुरू करावं?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहात आणि फॉर्मचे रकाने भरता भरता पेशंटकडे बघायचंच राहून जातं, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदूरला 22 वर्षं मेडिकल वॉर्डात आहे. माझ्या मते सुरुवात श्वास मोजण्यापासून करा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ बघून.

मी नवीन होते तेव्हा आमच्या वॉर्डात सगळ्यांच्या चार्टवर श्वास 20 असायचे. मीही तेच लिहायचे. एका रात्री न्यूमोनियाच्या एका आजोबांचं बीपी चांगलं निघालं, म्हणून न मोजताच 20 लिहिलं. पहाटे सीनियर सिस्टरनी पांघरूण बाजूला करून मोजले तर 34. लगेच आयसीयूत हलवलं, वाचले ते. पण तो आकडा माझ्या अक्षरात होता आणि तो मला अजून आठवतो.

मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला 12 ते 20 असतात. ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तात आम्ल वाढलं की श्वास लवकर वाढतात. बीपी मात्र पुष्कळदा बराच वेळ टिकून राहतं, कारण रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात धावतं. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, नजर छातीवर न्या. श्वास मोजताहेत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. त्याच मिनिटात हात गार-घामट आहे का, मानेचे स्नायू ओढले जाताहेत का, हेही कळतं.

मग बोलणं. आपल्याकडची मराठी आजी म्हणते, ‘कसंतरी होतंय.’ शेजारच्या पलंगावरचे काका म्हणतात, ‘जी घबरा रहा है.’ कागदावर दोन्हींचं ‘अस्वस्थ’ होतं आणि इथेच घात होतो. कुणाला मळमळतं, कुणाच्या छातीवर दडपण असतं, इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरलेली असते. ‘हात ठेवून दाखवा, कुठे होतंय?’ असं विचारा. मधुमेही असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. साखर 70 mg/dL च्या खाली असेल तर लगेच कळवा. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच्याच भाषेत.

अंथरुणाला खिळलेल्याची माकडहाडाची जागा आणि टाचा रोज बघा. बोटाने दाबून लाली जात नसेल तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने दाबाची जखम, सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघा. त्या जागी चोळू नका. साधारण दर दोन तासांनी कूस बदला.

सेकंदकाट्याचं साधं घड्याळ इथे इंदूरला राजवाड्याच्या बाजारात मिळेल, ते घ्या. आणि हँडओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवताना, ‘ठीक आहेत’ म्हणू नका. रात्री 2 ला श्वास किती होते आणि 6 ला किती, ते सांगा.