चाकणहून शांघायला ११ महिने: घरभाडं रोख घेऊ की कंपनीच्या अपार्टमेंटमध्ये राहू?

तुमचा मेसेज दोनदा वाचला, सोबतचं कंपनीच्या अपार्टमेंटचं कोटेशन आणि तुम्ही निवडलेल्या फ्लॅटचे फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहात, २० एप्रिलपासून ११ महिने शांघायजवळ आनटिंगला डेप्युटेशन, तिकडचा पगार महिना ३० हजार युआन. घरासाठी कंपनी म्हणते की २२ हजार युआन पगारातच रोख घ्या, नाहीतर तेवढ्या मर्यादेत सर्व्हिस्ड अपार्टमेंटचं बिल आम्ही परस्पर भरतो, बिल कमी आलं तर उरलेलं कंपनीचं. तुम्ही साडेनऊ हजारांचा एक बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवलाय, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार वाचले, ११ महिन्यांचे १ लाख ३७ हजार ५००, १२ रुपयांनी साडेसोळा लाख, आणि ते सगळे रावेतच्या होम लोनमध्ये टाकायचे. वहिनी आणि मुलगी रावेतलाच राहणार, मे महिन्यात सुट्टीत तुमच्याकडे येणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीचं अपार्टमेंट घ्या, पण आत्ता आलेल्या कोटेशनवर सही करू नका. आणि ते साडेसोळा लाख मनातून काढून टाका, कारण ते तेवढे नाहीतच.

सगळ्यात मोठी गळती टॅक्सची आहे. रोख घरभाडं हा तिकडे सरळ पगार धरला जातो. चीनमध्ये इन्कम टॅक्स ३ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने चढतो, वर्षाला ६० हजार युआनची वजावट मिळते. तुम्ही पहिल्या कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांच्या वर तिथे असाल म्हणून त्या वर्षी टॅक्ससाठी निवासी, आणि तुमचा पगार आधीच २० टक्क्यांच्या टप्प्यात पोचतोय, त्यावर हे २२ हजार बसले की वरचा भाग २५ टक्क्यांत जातो. पुढच्या वर्षी जानेवारी ते मार्च तुम्ही अनिवासी, तेव्हा महिन्या-महिन्याचा हिशोब लागतो आणि तिथे तर काही रक्कम ३० टक्क्यांत जाते. मी मांडून बघितलं, ११ महिन्यांच्या २ लाख ४२ हजारांतले साधारण ५५ हजार युआन नुसते या भत्त्यावरच्या टॅक्समध्ये जातात. याउलट परदेशी कर्मचाऱ्याचं घरभाडं कंपनीने फापियाओवर, म्हणजे तिकडच्या अधिकृत टॅक्स पावतीवर भरलं, तर वाजवी रकमेपर्यंत ते टॅक्समधून वगळलं जातं, ही सवलत सध्या २०२७ अखेरपर्यंत चालू आहे. म्हणजे बावीस हजार रोख आणि बावीस हजारांचं छप्पर यांची तुलना करताना रोखीचे आधी सतरा हजार करून घ्यायचे, मग बोलायचं.

आता फ्लॅटकडे. ११ महिन्यांचं भाडं १ लाख साडेचार हजार. पण ॲग्रीमेंट वर्षाचं असतं, महिनाभर आधी निघालात तर एका महिन्याचं डिपॉझिट सोडावं लागतं, ते साडेनऊ हजार धरा. एजंटची दलाली शांघायमध्ये साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के, म्हणजे सव्वातीन हजार. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट मिळून सरासरी सहाशे. गादी-पांघरुणं, कुकर, भांडीकुंडी यांना चारेक हजार, आणि फ्लॅट ताब्यात येईपर्यंत पंधरा दिवस हॉटेल, ते सहा हजार. एकूण १ लाख ३४ हजारांच्या आसपास. टॅक्स गेल्यावर हातात येणार १ लाख ८७ हजार, मग उरले ५३ हजार युआन. सव्वासहा लाख रुपयांच्या थोडं वर. छोटी रक्कम नाहीये ती, मला मान्य आहे. पण साडेसोळाच्या आशेवर घेतलेला निर्णय आणि सव्वासहावर घेतलेला निर्णय एकच असेल का हे तुम्ही आणि वहिनींनी बसून ठरवा.

आणि ते सव्वासहा मिळवायला पहिल्याच आठवड्यात काय लागतं ते बघा. तिकडची नेहमीची पद्धत म्हणजे एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, परदेशी माणसाकडे कधीकधी डिपॉझिट दोन महिन्यांचंही मागतात. चार महिने धरले तरी ३८ हजार, वर दलाली, म्हणजे ४१ हजार युआन, जवळपास ५ लाख रुपये. तेव्हा तुमचा पहिला पगार झालेला नसणार, बँक खातंही उघडलेलं नसणार. अलीपे किंवा वीचॅटला आपलं कार्ड जोडता येतं, पण २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला ते ३ टक्के घेतात आणि आपल्या बँकेचा मार्कअप वेगळा. तुम्ही लिहिलंय की इमर्जन्सी फंड ४ लाखांचा आहे. तो सगळा मोडून वर उसने घेऊन, रावेतला बायको-मुलगी एकट्या असताना... हे मला अजिबात पटत नाही.

एजंट म्हणतोय वर्षाचं भाडं एकदम दिलं तर महिन्याला साडेआठ हजारच पडतील. कृपा करून हे करू नका. २०२० मध्ये तिकडे डांके नावाची कंपनी बुडाली, मालकांकडून फ्लॅट घेऊन सजवून भाडेकरूंना द्यायची, त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्क शेअर बाजारात लिस्ट झालेली. भाडेकरूंकडून वर्षाचं भाडं आधी घ्यायचं, बऱ्याच जणांच्या नावावर त्यासाठी वीबँकेचं कर्ज काढायला लावायचं, आणि मालकाला मात्र महिन्या-महिन्याने द्यायचं. नोव्हेंबरमध्ये पैसे संपले, मालकांना भाडं मिळेना, मालक दारात येऊन उभे, आणि ज्या पोरांनी वर्षाचे पैसे भरलेले त्यांनाच घर सोडा म्हणायला लागले. तुमचा माणूस स्वतः मालक आहे की मधला आहे हे तुमच्या मेसेजवरून कळत नाही, आणि चिनी भाषा न येता तुम्हालाही ते सहज कळणार नाही. घरमालकीचा कागद बघितल्याशिवाय तिकडे एक युआन द्यायचा नाही.

हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाहीये. माझी बायको कामासाठी शांघायला फ्लॅट घेऊन होती तेव्हा हिवाळ्यात मी सहा आठवडे तिच्याकडे राहिलो. चीनमध्ये सरकारी सेंट्रल हीटिंग उत्तरेकडच्या शहरांत असतं, शांघाय दक्षिणेत धरतात, तिथे ते नाही. भिंतीवर एक एसी, गरम हवा छताला लागायची आणि फरशी बर्फासारखी, आम्ही संध्याकाळी जॅकेट घालून किचनमध्ये बसायचो कारण शेगडीपाशी तेवढी ऊब. ओलसर थंडी असते ती, धुतलेली जीन्स तीन दिवस वाळायची नाही. रात्री १० ते सकाळी ६ विजेचा दर दिवसाच्या निम्म्याच्या आसपास असतो म्हणून वॉशिंग मशीन दहानंतर लावायचं, तरी जानेवारीचं बिल ऑक्टोबरच्या चौपट आलं. आणि घर सोडताना मालकाने मशीनचं झाकण पिवळं पडलंय म्हणून निम्मं डिपॉझिट कापायला काढलं. बायकोने पहिल्या दिवशीच प्रत्येक वस्तूचा तारखेसकट फोटो काढून ठेवलेला, त्या फोटोत झाकण तेवढंच पिवळं होतं, म्हणून पैसे परत मिळाले. आता सप्टेंबर २०२५ पासून तिकडे भाड्याच्या घरांचा देशभराचा नवा नियम आलाय, डिपॉझिट कारणाशिवाय अडवता येत नाही असं त्यात आहे, पण भांडायला जाणार तुम्हीच, तेही परक्या भाषेत आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी.

तुमच्या फ्लॅटबद्दल अजून एक. फोटोत जिना दिसतोय, लिफ्ट दिसत नाही. फ्लॅट ज्या त्साओयांग भागात आहे तो १९५१ पासून कामगारांसाठी वसवलेला, तिथल्या जुन्या इमारती बऱ्याचशा अशाच आहेत. पाचव्या मजल्यावर मुलीला आणि सामान घेऊन वहिनी चढणार. मेट्रोच्या दृष्टीने जागा चांगली आहे हे खरं, ११ नंबरची लाईन सरळ आनटिंगला जाते.

परदेशी माणसाने तिथे पोचल्यापासून २४ तासांत राहण्याच्या जागेची पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल आणि चांगली सर्व्हिस्ड अपार्टमेंट काउंटरवर पासपोर्ट दिला की ते करून टाकतात, खासगी फ्लॅटमध्ये ती जबाबदारी तुमची. वहिनी आणि मुलगी आल्या की त्यांचीही नोंद परत. त्या नोंदीच्या कागदाशिवाय रेसिडेन्स परमिटचं काम पुढे सरकत नाही, आणि तो परमिटचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. काही मालक आपल्या भाड्यावर टॅक्स लागेल या भीतीने या कागदाला टाळाटाळ करतात, फापियाओ मागितलं तर भाडं वाढवून सांगतात.

आता कोटेशन. जिंगआनमधलं अपार्टमेंट, २१ हजार ८००. मर्यादेला चिकटून आलंय कारण एचआरने मर्यादा सांगूनच दर मागवला असणार. जिंगआन टेंपलहून २ नंबरच्या लाईनने जियांगसू रोड, तिथे उतरून ११ नंबर, असं रोज आनटिंगपर्यंत जायचं, आणि भाडं मात्र शहराच्या मधोमधचं. ११ नंबरच्या लाईनवर बाहेरच्या बाजूला किंवा जियादिंगकडे बघायला सांगा, तिथे खूप कमीत मिळेल. मग एचआरला विचारा की वाचलेली रक्कम कंपनीने स्वतःकडे ठेवण्याऐवजी दुसऱ्या बिलांवर द्यावी, कारण जेवण, कपडे धुणं, चिनी भाषेचा क्लास आणि वर्षातून दोनदा तुमचं स्वतःचं घरी येण्या-जाण्याचं तिकीट, हेही तिकडे पावतीवर टॅक्सशिवाय देता येतं. गणपतीचं आणि दिवाळीचं तिकीट, रोजचं जेवण आणि क्लास कंपनीकडून निघालं तर तुमच्या पगारातून वाचणारा पैसा हा खरा वाचलेला पैसा, तो लोनमध्ये टाका. कंपनी नाही म्हणेल कदाचित, पण विचारायला मेल एकच लागतो आणि सही व्हायच्या आधीच तो पाठवायचा असतो.

अपार्टमेंटशी बोलताना सहा महिन्यांच्या वरचा दर मागा, तो महिन्याच्या दरापेक्षा कमी असतो. डेप्युटेशन लवकर संपलं तर किती दिवसांच्या नोटीसवर दंड न भरता निघता येईल हे लेखी घ्या. वीज भाड्यात आहे म्हणतात पण बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात महिन्याची मर्यादा असते, वरचं तुमच्या माथी. मे महिन्यात तिघं राहिलात तर जादा पैसे आहेत का, आणि किचनमध्ये शेगडी कसली आहे, हेही. बऱ्याच ठिकाणी इंडक्शन आणि बरोबर डोक्यावर धुराचा अलार्म असतो, मोहरी-मिरचीची फोडणी रोज देता येणार असेल तर महिन्याचा बाहेर खाण्याचा खर्च केवढा कमी होतो ते तुम्हीच मोजा. आठवड्यातून दोनदा साफसफाई होते, फ्लॅटमध्ये त्यासाठी बाई लावावी लागली असती. तिकडे तिला आयी म्हणतात, म्हणजे मावशीच, आपल्यासारखंच.

इकडचं थोडं. २० एप्रिलला नोकरीसाठी निघून मार्चमध्ये परत येताय, त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरत नाहीत, सणांना आलात तरी नाहीत, म्हणून त्या वर्षापुरते तुम्ही अनिवासी. तिकडचा पगार तिकडच्याच खात्यात घ्या, थेट पुण्याच्या खात्यात नको, नाहीतर इकडे टॅक्सचा प्रश्न उभा राहतो. पैसे घरी पाठवताना तिथली बँक टॅक्स भरल्याचा दाखला मागते, तो दर दोन-तीन महिन्यांनी काढत चला, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. आणि बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इकडचं खातं, करायचा अर्ज निघायच्या आधी द्या, ईएमआय त्यातूनच जाईल.

हेच तुम्ही तीन वर्षांसाठी, घरच्यांना घेऊन जात असता तर मी फ्लॅट शोधा म्हणालो असतो, कारण दलाली, भांडीकुंडी, सुरुवातीचं हॉटेल हे सगळं ३६ महिन्यांवर पसरतं. ११ महिन्यांत ते पसरत नाही.

एचआरला मेल आज-उद्या करा. सुधारलेलं कोटेशन आलं की सगळी पानं पाठवा, नुसतं पहिलं पान नको, वीज आणि नोटीसच्या ओळी शेवटच्या पानांवर असतात, त्या बघून मग हो म्हणूया.