वाचकांचे प्रश्न : ‘कर्णिका’ची सहा नावे आणि तिचे खरे मालक

प्रश्न : २०१९ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब बॅलार्ड पिअरहून ‘कर्णिका’ या जहाजाने गोव्याची सफर केली. जिन्याजवळच्या एका पितळी पट्टीवर इटलीतील कारखान्याचे नाव आणि १९९० हे साल कोरलेले दिसले, तेव्हा आश्चर्य वाटले. हे जहाज आमच्याआधी पाच मालकांच्या हातून गेले होते, असे एका सहप्रवाशाने सांगितले. ते खरे आहे काय? आणि वर्षभरातच ते भंगारात कसे गेले?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पितळी पट्टी खरे सांगत होती. सहप्रवाशाचे म्हणणे मात्र अर्धेच बरोबर आहे. ‘कर्णिका’ला आधीची पाच नावे होती, पाच मालक नव्हते. जहाजांच्या इतिहासात हा गोंधळ नेहमी होतो, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

या जहाजाची मागणी सिटमार या कंपनीने नोंदवली होती. अलेक्झांडर व्लासोव्ह या रशियातून परागंदा झालेल्या उद्योजकाने उभी केलेली ही कंपनी १९८८ मध्ये ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने विकत घेतली आणि तिच्याबरोबर त्रिएस्तजवळच्या मोनफाल्कोने येथील फिनकांतिएरीच्या गोदीत बांधली जात असलेली दोन जुळी जहाजेही पी अँड ओकडे आली. म्हणजे ज्या घरासाठी हे जहाज घडवले जात होते, ते घर जहाज पाण्यात उतरण्याआधीच मोडले होते. त्यांपैकी थोरले जहाज १९९० मध्ये पी अँड ओच्या प्रिन्सेस क्रूझेस या शाखेत ‘क्राउन प्रिन्सेस’ या नावाने रुजू झाले. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या दोन मुख्य वास्तुरचनाकारांपैकी एक असलेल्या रेन्झो पियानो यांनी त्याचा आकार ठरवताना डॉल्फिनचे डोके नजरेसमोर ठेवले होते. आपण धक्क्यावरून ते पाहिले असेल, तर पुढचा उतरता, गोलसर भाग आठवत असेल. पुढे कितीही रंग चढले तरी तो आकार कोणाला लपवता आला नाही.

बारा वर्षे हे जहाज मुख्यतः अमेरिकी प्रवाशांसाठी चालले. २००२ मध्ये त्याच कंपनीने जर्मन प्रवाशांसाठी ‘आरोझा’ नावाची नवी सेवा काढली आणि जहाजाचे नाव ‘आरोझा ब्लू’ झाले. पुढच्याच वर्षी पी अँड ओ प्रिन्सेस आणि कार्निव्हल या दोन कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. कार्निव्हलच्या छत्राखाली जर्मन प्रवाशांसाठी ‘आयडा’ ही सेवा चांगली रुळलेली असल्याने २००४ मध्ये जहाज तिच्याकडे गेले आणि पुढच्या टोकावर आयडाचे लाल ओठ रंगवून घेऊन ‘आयडाब्लू’ झाले. २००७ मध्ये ते ब्रिटिश प्रवाशांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’ बनले आणि ती सेवा गुंडाळण्याचे ठरल्यावर २००९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युएल’ म्हणून दाखल झाले. देश बदलले, जेवणाच्या वेळा बदलल्या, भिंतींचे रंग बदलले. पण २००२ नंतरचे हे सगळे फेरफार एकाच उद्योगसमूहाच्या आत होत होते. एकत्र कुटुंबातली वस्तू थोरल्या काकांच्या खोलीतून धाकट्यांच्या खोलीत जावी, तसेच हे होते. २००३ च्या एकत्रीकरणाने घराचा कर्ता बदलला, एवढाच त्यातला मोठा बदल.

जहाज खऱ्या अर्थाने घराबाहेर पडले ते २०१९ मध्ये. एस्सेल समूहाशी संबंधित जलेश क्रूझेसने ते विकत घेतले, त्याचे नाव ‘कर्णिका’, म्हणजे कमळाचा मधला गाभा, असे ठेवले आणि त्या एप्रिलपासून मुंबईहून सफरी सुरू केल्या. मुंबईकर म्हणून मला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पी अँड ओच्या टपाल-आगबोटी कैक दशके याच शहरात येत, त्यांच्या मुंबईतील एजंटांची मॅकिनन मॅकेन्झी इमारत आजही बॅलार्ड इस्टेटमध्ये उभी आहे. त्याच पी अँड ओसाठी पूर्ण झालेले हे जहाज आपले शेवटचे दिवस याच बॅलार्ड पिअरला काढायला आले, हा योगायोग मला हेलावून टाकतो.

आता शेवटाविषयी. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सफरी बंद पडल्या. प्रवासी जहाजाला प्रवासी नसतानाही वीज, इंधन, विमा, बंदराचे शुल्क आणि शेकडो कर्मचाऱ्यांचे पगार लागतातच. नव्या कंपनीकडे हे एकच जहाज होते. कार्निव्हलसारखा समूह असता तर त्याने दुसऱ्या जहाजांच्या कमाईवर वा कर्जाच्या बळावर ते तगवून धरले असते. देणी थकली. आपल्याकडच्या २०१७ च्या नौअधिकरण कायद्यानुसार, थकलेले पगार आणि पुरवलेल्या इंधनाची रक्कम यांसाठी प्रत्यक्ष जहाजावरच दावा लावता येतो आणि न्यायालय जहाजाला ‘अटक’ करू शकते. मालक कुठे आहे, हे शोधत बसावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘कर्णिका’चा लिलाव झाला. अशा विक्रीत खरेदीदाराला जहाज जुन्या सर्व बोजांतून मुक्त होऊन मिळते आणि आलेल्या रकमेतून घेणेकऱ्यांचा हिशेब होतो. त्या वर्षी जगभर प्रवासी जहाजे रिकामी उभी असल्यामुळे तीस वर्षांच्या जहाजाला चालवण्यासाठी घेणारा मिळणे कठीणच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ते गुजरातमधील अलंग येथे, जहाजे तोडण्याच्या किनाऱ्यावर चढवले गेले. खंबातच्या आखातातील प्रचंड भरतीमुळे एवढी मोठी जहाजे तेथे थेट किनाऱ्यापर्यंत आणता येतात. आपल्या मुंबईतील दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात ती सोय नाही.

त्याची जुळी बहीण, १९९१ ची ‘रीगल प्रिन्सेस’, मात्र वाचली. तीही ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक डॉन’ म्हणून चालत होती. २०२० मध्ये बिटकॉइनच्या पुरस्कर्त्यांनी पनामाजवळ तरंगती वसाहत करण्यासाठी ती विकत घेऊन ‘सातोशी’ असे नाव दिले, तो बेत फसला, आणि २०२२ पासून ती इंग्लंडच्या टिलबरी बंदरातून ‘अँबियन्स’ या नावाने प्रवासी नेऊ लागली. एकाच गोदीत, एकाच आराखड्यावर बांधलेली ही दोन जहाजे. वयाने थकली म्हणून ‘कर्णिका’ तुटली असे म्हणता येत नाही, हे या बहिणीकडे पाहून कळते.

प्रश्न : सध्या मुंबईहून जाणारे ‘एम्प्रेस’ हे जहाजही असेच फिरून आलेले आहे काय? नाव बदलले असताना जहाजाचा पूर्वेतिहास सामान्य माणसाने कसा शोधावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होय, आणि साम्य थक्क करणारे आहे. हे जहाज ॲडमिरल क्रूझेसने मागवले होते. १९८८ मध्येच ती कंपनी रॉयल कॅरिबियनमध्ये विलीन झाली. फ्रान्समधील सां-नाझेर येथे बांधलेले हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून निघाले, २००४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाले, २००८ मध्ये स्पेनमधील पुलमंतुर या रॉयल कॅरिबियनच्याच कंपनीकडे ‘एम्प्रेस’ म्हणून गेले आणि २०१६ मध्ये परत आले. तेही सुमारे तीस वर्षांनीच घराबाहेर विकले गेले आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसतर्फे मुंबईहून चालू लागले. मियामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या सफरी करण्यासाठीच ते मुळात आखलेले होते, त्यामुळे मुंबई–गोव्यासारख्या छोट्या फेऱ्या त्याच्या बांधणीला मानवतात.

पूर्वेतिहास शोधायचा तर नाव सोडून आयएमओ क्रमांक पाहावा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार १९९६ पासून बंधनकारक असलेला हा सात अंकी क्रमांक जहाजाच्या सांगाड्याला जन्मभर चिकटलेला असतो. नाव, मालक आणि ध्वज बदलले तरी तो बदलत नाही, आणि तो जहाजावर कायमस्वरूपी कोरावा वा उठावाने लावावा लागतो. ‘कर्णिका’चा ८५२१२२० आणि ‘एम्प्रेस’चा ८७१६८९९. क्रमांक खरा आहे की नाही, हे घरीही तपासता येते : पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करावी, तिचा शेवटचा अंक हाच सातवा अंक असतो. ‘कर्णिका’ची बेरीज ११० येते, म्हणून शेवटी शून्य, ‘एम्प्रेस’ची १६९, म्हणून नऊ.

प्रश्न : ‘कर्णिका’ सत्तर हजार टनांची होती, म्हणजे तिचे वजन तेवढे होते काय?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : नाही. तो आकडा ग्रॉस टनेजचा आहे. जहाजाच्या आतील सर्व बंदिस्त जागेच्या घनफळावरून तो काढतात. वजनाशी त्याचा संबंध नसतो. भंगारात विकताना मात्र रिकाम्या जहाजाचे प्रत्यक्ष वजन धरतात, कारण तेथे पोलादाचाच भाव होतो.