सिडनीचा हिवाळा, तेल अवीवचा जुलै: मॅकाबियाच्या ट्रायथलॉनची तयारी

शालोम ताई,

मुलगी १७ वर्षांची, मॅकाबियासाठी, म्हणजे इस्रायलमध्ये भरणाऱ्या जगभरच्या ज्यू खेळाडूंच्या स्पर्धेसाठी, ऑस्ट्रेलियाच्या ज्युनियर ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं) संघात निवड झालेली, सरावाचा तक्ता हातात, पण त्या तक्त्यात उन्हाबद्दल एक ओळ नाही. आणि सासूबाईंना १९९७ च्या मॅकाबियात ऑस्ट्रेलियाच्या संघाखाली कोसळलेला पूल आठवतो, म्हणून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही विचारलंय, की तयारी नेमकी कशाची करायची आणि पाठवायचं की नाही. दोन्हींवर लिहितो, उत्तर लांबेल.

मी मूळचा ठाण्याचा, गेली तेवीस वर्षं इस्रायलमध्ये अश्दोदला आहे. स्वतः ट्रायथलॉन करतो, इथल्या मुलांना शिकवतो आणि मॅकाबियाच्या दोन खेपांना धावण्याच्या मार्गावर पाणपोई सांभाळली आहे. पाणपोईवरून शर्यत जशी दिसते तशी ती निकालाच्या कागदावर दिसत नाही.

एक मुलगा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. थंड देशातून आलेला, तुमच्या लेकीच्याच वयाचा. सायकलवरून उतरला तेव्हा पहिल्या पाचांत होता. पहिल्या फेरीत माझ्यापाशी आला तेव्हा चेहरा लालबुंद, अंगावरून घामाच्या धारा. मी बर्फ पुढे केला, त्याने हातानेच नको म्हटलं. दुसऱ्या फेरीत आला तेव्हा त्याच्या दंडावर काटा उभा होता. भर उन्हात अंगावर काटा! मी पेला दिला, तो त्याच्या बोटांतून सुटला. नजर माझ्यावर ठरत नव्हती. तिथेच त्याला धरून सावलीत घेतलं, मानेला आणि काखेत बर्फ लावला, अंगावर ओले टॉवेल टाकले, डॉक्टर येईपर्यंत पंख्याने वारा घातला. संध्याकाळी तो उठून बसला, पण त्याची शर्यत तिथेच संपली. त्याचं पोहणं उत्तम होतं, सायकल तर फारच चांगली. ऊन सोसायची सवय तेवढी त्याला कुणी लावली नव्हती.

म्हणून ताई, माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे, की उन्हाची तयारी सिडनीतच सुरू करा. विमानातून उतरल्यावर नाही. जुलैत तुमच्याकडे दुपारी १६-१७ अंश असतात. इथे तेल अवीवला दुपारी ३० च्या आसपास आणि रात्रीही पारा २३-२४ च्या खाली जात नाही. आकडा ऐकून लोक म्हणतात, तीस म्हणजे काय मोठंसं. पण किनाऱ्यावरची हवा जूनमधल्या मुंबईसारखी दमट असते. घाम सुकत नाही, नुसता गळतो. आणि सुकला नाही तर अंग थंड होत नाही.

शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं. पहिल्या पाच-सहा दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी पळते. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. हे सगळं हिवाळ्यातल्या सिडनीतही घडवता येतं. सोपा सराव संपल्यावर, अंग तापलेलं असतानाच, ४० अंशांच्या पाण्यात टबमध्ये मानेपर्यंत बसायचं. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं, मग वाढवत ३० ते ४० पर्यंत, सलग सहा दिवस. पाण्यात थर्मामीटर ठेवा, अंदाजाने करू नका. दाराशी मोठं माणूस हवंच, कारण उठताना चक्कर येते. ती १७ वर्षांची आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकांना सांगा. हा आठवडा निघण्याच्या अगदी अलीकडे घ्या. एकदा कमावलेली सवय ऊन मिळालं नाही तर आठवड्या-दोन आठवड्यांत उतरत जाते. एकटीने करण्यापेक्षा सगळ्या संघाने केलं तर फार बरं. प्रशिक्षकांशी बोलताना मागणी संघासाठी करा, फक्त आपल्या मुलीसाठी नको.

वेळेच्या फरकाचा मात्र तुम्हाला फायदा आहे. जुलैत सिडनी इथल्यापेक्षा सात तास पुढे असतं. उतरल्यावर पहिले काही दिवस पोरं पहाटे तीन-चारला टक्क जागी होतील. त्यांना पुन्हा झोपवायच्या नादी लागू नका. ट्रायथलॉन इथे उन्हामुळे सकाळी लवकरच सुरू होतं, आणि इथले सकाळचे सहा म्हणजे त्यांच्या अंगाला दुपारचा एक. साडेपाचला सरावाला बाहेर पडा, रात्री नऊला आडवं व्हा, घड्याळ शर्यतीपर्यंत तसंच राहू द्या.

आता माझ्या तक्रारीचा विषय. बरेच संघ स्पर्धेआधीच्या दिवसांत मुलांना देश दाखवतात. दाखवायलाच हवा, मॅकाबिया म्हणजे नुसती पदकांची स्पर्धा नाही. १९३२ मध्ये पहिली भरली तेव्हापासून जगभरच्या ज्यू मुलांनी एकमेकांना भेटावं हाच तिचा हेतू आहे. पण पहाटे मसादाचा डोंगर चढायचा, दुपारी मृत समुद्र, संध्याकाळी जेरुसलेमच्या गल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर जोराचा सराव, हे पायांना झेपत नाही. मसादाची वाट सुमारे साडेतीनशे मीटर उभी चढते, आणि उतरताना मांड्या भरून येतात त्या चार दिवस तशाच राहतात. उतरायला केबल कार घ्या, लाजायचं कारण नाही. मृत समुद्रात जाण्याआधी सायकलवरून पडल्याची खरचटणी बघा. उघड्या जखमेवर ते पाणी निखाऱ्यासारखं लागतं. उद्घाटनाचंही तसंच. २०२२ मध्ये जेरुसलेमच्या टेडी स्टेडियमवर झालं, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडन आले होते. अशा समारंभात खेळाडूंचा वेळ तासन्‌तास उभं राहण्यातच जातो. तिला जाऊ द्याच, तो क्षण आयुष्यभर पुरतो. बरोबर पाण्याची बाटली, मिठाची पुडी आणि बसायला काहीतरी द्या.

पोहण्याचं सांगतो. सिडनीच्या हिवाळ्यात ती समुद्रात वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घालूनच सराव करत असणार. इथे जुलैत भूमध्य समुद्राचं पाणी २७-२८ अंश असतं, म्हणजे वेटसूटला परवानगी मिळणारच नाही. वेटसूट पायांना वर उचलून धरतो. तो गेला की कमरेखालचं अंग बुडायला लागतं आणि वेळ वाढते. तेव्हा तलावात, नुसत्या ट्रायसूटवर (शर्यतीच्या पातळ पोशाखावर), पायांच्या मारावर आतापासून मेहनत घ्या. इथलं पाणी तुमच्या महासागरापेक्षा जास्त खारट आहे. मान आणि काखा सोलून निघतात, व्हॅसलीन विसरू नका. किनाऱ्यावर पांढरा झेंडा असेल तर पोहायला हरकत नाही, तांबडा म्हणजे धोका आणि काळा म्हणजे पाण्यात पाय टाकायचा नाही. जीवरक्षक नसताना सरावाला उतरायचं नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असो.

जून-जुलैत इथे जेलीफिशचे थवे येतात, आणि इथे तुमच्याकडची सवय आड येते. ऑस्ट्रेलियात काही जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर ओततात. इथल्या जातीवर व्हिनेगर वापरू नये, त्याने उरलेले डंख फुटतात आणि आग वाढते. गोडं पाणीही नको, चोळायचंही नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा. संघाच्या औषधांच्या पेटीशी जो कुणी असेल त्याला हे आजच सांगा.

सायकलबद्दल एकच विचारून घ्या: ज्युनियरच्या शर्यतीत ड्राफ्टिंग (पुढच्या सायकलच्या आडोशाला चिकटून चालवणं) चालणार की नाही. त्यावर कोणती सायकल आणि कोणतं हँडल आणायचं ते ठरतं. खोक्यात भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमच्या आत बांधा आणि तो ज्यावर बसतो तो हँगर एक जादा ठेवा. हँगर वाकला आणि शनिवार आला, तर दुकान उघडं मिळणार नाही.

शनिवारचं तुम्हाला काय सांगायचं, आपण बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ज्यू, शनिवार तेली! शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधीपासून शनिवारी रात्री साडेआठपर्यंत बहुतेक बस बंद असतात. तो दिवस सक्तीच्या विश्रांतीचा म्हणूनच तक्त्यात घाला. संघातली काही मुलं शब्बाथ (शनिवारची विश्रांती) काटेकोर पाळतात, काही नाही, त्यामुळे सराव ठेवला की गट पडतात. विश्रांती ठेवली की सगळी एका टेबलावर बसतात. तम्मुझ या ज्यू महिन्याच्या १७ तारखेचा रोजाही (उपासही) याच दिवसांत येतो. २०२२ मध्ये तो १७ जुलैला, ऐन स्पर्धेत आला होता. ज्या मुलांना तो धरायचा असेल त्यांनी रब्बींशी (धर्मगुरूंशी) आधीच बोलावं, आणि प्रशिक्षकांनी त्या दिवशी उन्हात सराव ठेवू नये. बिरड्याचा रोजा (तिशा बआव) त्यानंतर तीन आठवड्यांनी असतो, त्याची आत्ता चिंता नको.

जेवण कोशर (ज्यू आहारनियमांचं) असतं, म्हणजे मटणाच्या जेवणावर दूध-दही मिळत नाही. सरावानंतर चॉकलेटचं दूध प्यायची सवय असेल तर ती मोडेल. इथे आपल्या घरच्या खाण्याचा उपयोग होतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुधाऐवजी नारळाचं दूध वापरतात ते याच कारणासाठी. पोहे, गूळ, खोबरं, केळं, म्हणजे आपल्या पूजेतल्या मलिद्याचंच ताट, शर्यतीच्या पहाटेला याहून चांगलं मला ठाऊक नाही. तीन तास आधी खायचं. पण सिडनीत सरावाच्या दिवशी दोन-तीनदा खाऊन पाहिलेलं असावं.

पाणी किती प्यायचं ते वजनकाट्यावर ठरवा. तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, बरोबर मीठ हवं. आणि तिला एक पाठ करून घ्या: उन्हात थंडी वाजली, अंगावर काटा आला, की थांबायचं. पदक समोर दिसत असलं तरी थांबायचं.

आता सासूबाईंचं. त्यांची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. १४ जुलै १९९७ ला यार्कोन नदीवरचा तात्पुरता पादचारी पूल उद्घाटनाला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाखाली कोसळला. चार जण गेले. त्यातला एक त्याच दिवशी. बाकीचे तिघे नंतर, नदीचं घाण पाणी फुप्फुसांत जाऊन झालेल्या संसर्गाने. पूल निकृष्ट बांधला होता, त्यासाठी दोषींना शिक्षाही झाल्या. नदीकाठी त्या चौघांचं स्मारक आहे. तिला तिथे न्या, तिच्या संघाच्या पोशाखाचा तो इतिहास आहे. आणि आजही समुद्र सोडून कुठल्याही नदीत सरावाला उतरायचं नाही, हे प्रशिक्षकांकडून कबूल करून घ्या.

राहिला आजचा प्रश्न. २०२५ ची मॅकाबिया इराणशी युद्ध पेटल्यामुळे २०२६ वर ढकलली गेली. तुमच्या सरकारची प्रवास-सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा, आणि युद्धाचं कलम असलेला विमा आहे का ते कागदावर बघा, तोंडी नको. सगळं ठीक असेल तर पाठवा. मी माझ्या लेकीला पाठवली असती.

शर्यतीची जागा आणि वेळ कळली की इथेच लिहा. मी पाणपोईवर असेन. मुलीला माझी खूण सांगून ठेवा: पिवळी टोपी, आणि हाक मराठीत. बर्फ दिला तर घे म्हणावं. पोहे आमच्या घरून येतील.